कागद काय सांगतो, पत्रा काय सांगतो: जुन्या एमजीबीचा इतिहास असा शोधा

इंग्लंडात राहणारी आपली बरीच मंडळी हल्ली विचारतात की जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची मनात आहे, एमजी नाहीतर ट्रायम्फ, पण आधी ती कोणाकोणाकडे होती आणि तिचं नेमकं काय काय काम झालंय हे कळायचं कसं. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढतो. मी आठ वर्षं १९६६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजीची उघड्या टपाची गाडी, सांभाळतोय, तिचा इतिहास लावायला मला तीन वर्षं लागली आणि ती तीन वर्षं गाडी चालवण्याइतकीच आनंदाची होती.

विकणाऱ्याने मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. गाडीला दोनच मालक, इंजिन ओरिजिनल, आणि बॉडीला कधी वेल्डिंग लागलेलं नाही. तिन्ही चुकीच्या निघाल्या. माणूस खोटारडा नव्हता हे मी आजही सांगेन, त्याला आधीच्या मालकाने जे सांगितलं तेच त्याने पुढे सांगितलं, आणि जुन्या गाड्यांचा इतिहास असाच तोंडातोंडी बदलत जातो. म्हणून माझी पद्धत एकच आहे, कागद काय म्हणतो ते वेगळं लिहायचं, पत्रा म्हणजे गाडीची बॉडी काय म्हणते ते वेगळं लिहायचं, आणि दोन्ही जुळलं तरच खरं धरायचं.

उदाहरण एमजीबीचं देतोय कारण पहिल्यांदा या नादाला लागणाऱ्याला यापेक्षा सोपी गाडी नाही. १९६२ ते १९८० एवढा काळ ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात ती बनत होती, पाच लाखांच्या वर बनली, त्यामुळे पार्ट्स मिळतात, रेकॉर्ड्स मिळतात आणि माहितगार माणसंही मिळतात. आणि आपल्यासाठी एक जवळची गोष्ट, तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी सिरीजचं, आणि आपल्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते त्याच घराण्यातलं. माझ्या काकांची अ‍ॅम्बॅसेडर होती, पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा मला ते इंजिन ओळखीचं वाटलं ते उगीच नाही.

आधी नंबर गोळा करा

गाडी बघायला जाताना टॉर्च, छोटा आरसा, लोहचुंबक आणि चार्ज केलेला फोन न्या. नंबर नुसते लिहून घेऊ नका, प्रत्येकाचा फोटो काढा, कारण ३ चा ८ आणि ८ चा ३ वाचणं फार सोपं असतं आणि पुढची सगळी शोधाशोध त्या एका आकड्यावर उभी राहते.

बॉनेटखाली बाजूच्या पत्र्यावर चॅसिस नंबरची प्लेट असते. माझ्या काळातल्या रोडस्टरचा नंबर जीएचएन ३ ने सुरू होतो, जीटी म्हणजे मागे काचेची डिकी असलेली असेल तर जीएचडी ३. १९६७ च्या शेवटी मार्क टू म्हणजे दुसरी आवृत्ती आली तेव्हा ३ चा ४ झाला, आणि पुढे ५. त्या तीनानंतर लगेच एल असेल तर गाडी डाव्या स्टिअरिंगची बनलेली. हे नक्की बघा, कारण बहुतेक एमजीबी अमेरिकेत गेल्या आणि त्यातल्या कित्येक नंतर परत आणून उजव्या स्टिअरिंगच्या केल्या. त्यात वाईट काही नाही, कोरड्या हवेतून आलेल्या गाडीचा पत्रा बऱ्याचदा चांगलाच असतो, पण मग ‘इथलीच गाडी, इथेच वाढलेली’ ही गोष्ट खोटी ठरते.

इंजिनचा नंबर ब्लॉकवर रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो, तेल-धूळ पुसल्याशिवाय दिसत नाही. सुरुवातीची इंजिनं १८जी आणि १८जीए, तीन मेन बेअरिंगची. १९६४ च्या ऑक्टोबरपासून पाच बेअरिंगचं १८जीबी. १९६६ च्या गाडीत १८व्ही ने सुरू होणारा नंबर दिसला तर ते सत्तरच्या दशकातलं इंजिन, सरळ. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं, वेगळ्याच पद्धतीचा नंबर होता आणि ब्लॉकच्या कोपऱ्यात हिरव्या रंगाखाली सोनेरी रंग दिसत होता. त्याचा उलगडा पुढे येईल.

सरकारी कागद

ब्रिटनमध्ये गाडीचं मुख्य कागदपत्र म्हणजे व्ही फाइव्ह सी, लोक अजूनही त्याला लॉगबुक म्हणतात. त्यावर नाव असतं ते रजिस्टर्ड कीपरचं, म्हणजे गाडी वापरणाऱ्या-सांभाळणाऱ्याचं, आणि कीपर म्हणजे कायदेशीर मालक नव्हे, हे त्या कागदावरच छापलेलं असतं तरी लोक वाचत नाहीत. म्हणून विकत घेताना पैसे दिल्याची पावती, त्यावर दोघांच्या सह्या, ही वेगळी घ्याच. आधीचे कीपर किती तेही त्यावर असतं, माझ्या गाडीचे सहा होते, म्हणजे ‘दोनच मालक’ तिथेच संपलं.

जुन्या कीपरांची माहिती मागायला डीव्हीएलएचा (गाड्यांची नोंदणी ठेवणारं सरकारी खातं) व्ही ८८८ नावाचा फॉर्म आहे, थोडी फी भरून पाठवायचा. हल्ली प्रायव्हसीमुळे नावं-पत्ते झाकलेले येतात, पण तारखा मिळाल्या तरी खूप झालं, कोणत्या साली गाडीने हात बदलला हे कळलं की पुढचे कागद त्या खणात बसवता येतात.

नंबरप्लेट पण वाचा. १९६३ पासून शेवटी वर्षाचं अक्षर यायला लागलं, ए म्हणजे १९६३, बी १९६४, सी १९६५, डी १९६६, आणि १९६७ मध्ये जानेवारीपासून ई आणि ऑगस्टपासून एफ. अक्षर आणि गाडीचं बनावटीचं साल जुळत नसेल तर कारण शोधा. १९७४ च्या आधी रजिस्ट्रेशन स्वॉन्झीला असलेल्या याच खात्याच्या कॉम्प्युटरवर नव्हतं, ते त्या त्या काउंटीच्या ऑफिसात हाताने लिहिलं जायचं, आणि जुन्या घडीच्या लॉगबुकमध्ये मालकांची नावं एकाखाली एक, शिक्क्यासकट असायची. असं जुनं लॉगबुक कोणाकडे मिळालं तर ते सोन्यासारखं जपा. १९८३ पर्यंत ज्यांनी गाडी नव्या कॉम्प्युटर रेकॉर्डवर चढवली नाही त्यांचे मूळ नंबर गेले, ते परत मिळवायला व्ही ७६५ नावाची स्कीम आहे आणि त्यासाठी जुना पुरावाच लागतो. काउंटीची जुनी रजिस्टरं बरीच नष्ट झाली, पण काही स्थानिक अर्काइव्हमध्ये आहेत आणि काही ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टने सांभाळलीत.

एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या फिटनेस तपासणीचा, इतिहास २००५ पासूनचा सरकारी साइटवर फुकट दिसतो, किती मैल झाले, कशात नापास झाली, टेस्टरने गंजाबद्दल काय लिहिलं. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना एमओटी लागत नाही, त्यामुळे त्यानंतरचं पान कोरं असेल तर घाबरू नका. पण मी स्वतः दरवर्षी करून घेतो, दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून गाडी गेलेली बरी.

गेडनचं सर्टिफिकेट

हे मला सगळ्यात प्रिय. वॉरिकशरमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, तिथे कारखान्याचे उत्पादनाचे मूळ रेकॉर्ड्स ठेवलेत, आणि चॅसिस नंबर देऊन फी भरली की ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात. त्यात गाडी कधी बनली, कधी कारखान्यातून निघाली, कोणत्या डीलरकडे किंवा देशात गेली, रंग कोणता, आतली सीट कोणत्या रंगाची, मूळ इंजिन नंबर, बॉडी नंबर आणि कोणते एक्स्ट्रा घेतले होते. पहिल्या मालकाचं नाव मात्र त्यात नसतं, त्या आशेने मागवू नका.

माझं सर्टिफिकेट आलं तेव्हा मी लाल गाडीच्या शेजारी उभा राहून ते वाचत होतो आणि त्यावर लिहिलं होतं ओल्ड इंग्लिश व्हाइट. एक्स्ट्रामध्ये तारेची चाकं आणि हीटर. हो, हीटर, इंग्लंडसारख्या देशात १९६६ साली हीटरचे पैसे वेगळे द्यावे लागायचे. ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे हायवेवर इंजिन कमी फिरवणाऱ्या जादा गिअरचा, उल्लेख नव्हता, आणि गाडीत तर ओव्हरड्राइव्ह आहे, म्हणजे गिअरबॉक्सही नंतर कधीतरी बदललाय. आणि इंजिन नंबर १८जीबी, गाडीतल्याशी न जुळणारा.

भारतात जुनी गाडी सांभाळणाऱ्यांनाही असा पुरावा उपयोगी आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मोठा बदल न केलेल्या गाड्यांसाठी व्हीए अक्षरांची वेगळी नंबर सिरीज आणली, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि तिथेही प्रश्न हाच असतो की चॅसिस, बॉडी, इंजिन मूळचं आहे का.

तारीख नसलेलं बिल कसं वाचायचं

गाडीबरोबर बहुतेकदा एक फुगलेली फाइल येते, नाहीतर बिस्किटाचा पत्र्याचा डबा. त्यातलं काहीही फेकू नका. जुने टॅक्स डिस्कसुद्धा बघा, रोड टॅक्स भरल्याचे ते गोल कागद ऑक्टोबर २०१४ मध्ये बंद झाले, आणि काचेवरच्या होल्डरमध्ये लोक नव्याच्या मागे जुना तसाच ठेवायचे. माझ्या होल्डरमधून १९८३ चा निघाला, म्हणजे त्या साली गाडी रस्त्यावर होती, कुठल्या शेडमध्ये पडून नव्हती.

बिलावर तारीख नसेल, फाटली असेल, तरी साल काढता येतं. रक्कम पौंड-शिलिंग-पेनीमध्ये असेल तर ते बहुतेक १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधीचं. व्हॅट लावलेला असेल तर १ एप्रिल १९७३ नंतरचंच, कारण व्हॅट तेव्हाच आला. आणि दर बघा: सुरुवातीला १० टक्के, १९७४ च्या उन्हाळ्यापासून ८, जून १९७९ पासून १५, एप्रिल १९९१ पासून साडेसतरा, मध्ये २००९ साली वर्षभर परत १५, आणि जानेवारी २०११ पासून २०. गॅरेज लंडनचं असेल तर फोन कोडही बोलतो, ०१ असेल तर मे १९९० च्या आधीचं, ०७१ किंवा ०८१ असेल तर १९९० ते १९९५ मधलं, त्यानंतर ०१७१ आणि ०१८१. डिकीवरचं डीलरचं छोटं स्टिकर, चावीची चामड्याची पट्टी, सगळ्यावर फोन नंबर असतो आणि सगळं याच पद्धतीने वाचता येतं.

माझ्या फाइलमध्ये एका बिलाचा वरचा भाग उंदराने खाल्ला होता, गॅरेजचं नाव गेलं, तारीख गेली. खाली राहिलं होतं एवढंच: एक्स्चेंज इंजिन, गोल्ड सील, आणि व्हॅट ८ टक्के. गोल्ड सील म्हणजे कंपनीनेच पूर्ण दुरुस्त करून दिलेलं, जुनं देऊन बदली घ्यायचं इंजिन, आणि ते सोनेरी रंगाचं यायचं. ब्लॉकच्या कोपऱ्यातला सोनेरी रंग, न जुळणारा नंबर, आणि हे उंदराने खाल्लेलं बिल, तिन्ही एका रेषेत आले, म्हणजे १९७४ ते १९७९ च्या दरम्यान कधीतरी मूळ इंजिन गेलं आणि हे आलं. त्या रात्री मला झोप लागेना इतका आनंद झाला होता.

आता पत्रा वाचायचा

ही पायरी घाईने करू नका, पूर्ण शनिवार-रविवार द्या.

एमजीबीला वेगळी चॅसिस फ्रेम नाही, बॉडीच तिची ताकद, आणि त्यातही दाराखालचा सिल सगळ्यात महत्त्वाचा. तो एक पत्रा नाही. आतला सिल, मधे उभा पत्रा, खाली कॅसल रेल नावाची पट्टी आणि बाहेरचा दिसणारा सिल असे मिळून पेटीसारखे होतात, आणि रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे सगळा भार त्यांच्यावर. बाहेरचा चकचकीत असेल आणि आतला कुजलेला असेल तर गाडी मधून खचते. म्हणून दाराची फट बघा, गाडी जमिनीवर असताना आणि नंतर जॅकवर उचलून. उचलल्यावर फट बदलली किंवा दार अडकायला लागलं तर आतलं काम संपलेलं आहे, किंमत त्या हिशोबाने सांगा नाहीतर सोडून द्या.

मग खाली झोपून सिलच्या तळाची कड हाताने चाचपा. कारखान्याचे स्पॉट वेल्ड ठरावीक अंतरावर छोट्या गोल खळग्यांसारखे लागतात. सलग वेल्डिंगची रेघ असेल तर सिल बदललाय, आणि तो नीट बदलला का हे मागच्या पंखाच्या, म्हणजे चाकावरच्या मडगार्डच्या, खालच्या भागात कळतं, कारण बाहेरचा सिल त्या पंखाखाली जातो आणि नीट काम करायचं तर तो तुकडा कापून परत लावावा लागतो. न कापता काम झालेलं असेल तर बहुधा जुन्यावर नवा पत्रा चिकटवलाय.

लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सगळीकडे फिरवा, जिथे धरत नाही तिथे लांबी (पुटी) भरलेली. फक्त बॉनेटवर धरला नाही म्हणून घाबरू नका, सुरुवातीच्या एमजीबीचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे. उलट १९६६ च्या गाडीच्या बॉनेटला चुंबक चिकटला तर ते नंतरच्या गाडीचं लोखंडी बॉनेट. सीटच्या मागे दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांचे कप्पे असतात, तिथे हात घालून बघा, तो भाग हमखास सडतो. मागचा अ‍ॅक्सलही बघा, १९६७ पर्यंतच्या रोडस्टरला मधे गोल फुगीर पोटाचा असतो, त्याला बँजो म्हणतात, नंतरचा ट्यूबसारखा.

रंगाचा इतिहास दाराच्या आत असतो. दाराचं आतलं कव्हर पेचकसाने हळूहळू उचकटा, क्लिपा तुटतात, नवीन घेऊन ठेवा. माझं कव्हर निघालं आणि आत तो दुधाळ, किंचित पिवळसर पांढरा, पन्नास वर्षं ऊन न लागलेला. सर्टिफिकेटवरचे शब्द मला तिथे पत्र्यावर दिसले. मग डिकीच्या आतल्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढी जागा ओल्या पॉलिश पेपरने हळू घासली, तर कांद्याच्या थरांसारखी वर्तुळं उघडली: वर लाल, मग राखाडी प्रायमर, मग आणखी एक वेगळा गडद लाल, मग पांढरा, मग कारखान्याचा प्रायमर. म्हणजे दोनदा लाल झाली. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका आणि मास्क लावा.

आता तो सिल. फाइलमध्ये एका गॅरेजचं बिल होतं, व्यवस्थित टाईप केलेलं, ‘दोन्ही सिल नवीन, वेल्डिंगसह’, व्हॅट १५ टक्के. मी डाव्या बाजूचा रंग खरवडला, खाली लांबी, लांबी फोडली तर आत जाळी, आणि जाळीच्या मागे गोळा करून कोंबलेलं वर्तमानपत्र. काळजी घेऊन ओलं करून उलगडलं, टीव्हीच्या कार्यक्रमांचं पान होतं, वर तारीख नोव्हेंबर १९८६. बिलाच्या तारखेच्या तीन आठवडे आधीची. म्हणजे ज्या माणसाने नव्या सिलचे पैसे भरले त्याच्या बायकामुलांना घेऊन तो वर्तमानपत्रावर उभ्या असलेल्या गाडीत फिरत होता. मला त्या दिवशी खरंच राग आला आणि आजही येतो. म्हणूनच सांगतो, बिल आहे म्हणजे काम झालं असं कधीही धरू नका.

जुन्या मालकांना पत्र

जुन्या लॉगबुकमध्ये किंवा बिलावर नाव-पत्ता मिळाला तर हाताने पत्र लिहा, गाडीचा फोटो आणि तिकीट लावलेलं, तुमचा पत्ता लिहिलेलं पाकीट सोबत, आणि स्पष्ट लिहा की तक्रार नाही, फक्त आठवणी हव्यात. उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा पाठवू नका. दारात जाऊन उभं राहू नका. मी चार पत्रं टाकली, एक आलं, एका आजींचं, त्यांच्या मिस्टरांनी १९७० च्या दशकात गाडी घेतली होती आणि पहिला लाल रंग त्यांनीच घरच्या गॅरेजमध्ये मारला होता, सोबत ब्लॅक अँड व्हाइट फोटो. फोटोत गाडी अजून पांढरी. मी तो मोठा करून त्यांना परत पाठवला, मूळही परत केला, कॉपी माझ्याकडे ठेवली. लोकांचे मूळ फोटो ठेवून घेऊ नका.

सगळं एका वहीत, आणि मग तुमचं काम

साधी वही घ्या. डाव्या पानावर कागद, उजव्यावर पत्रा, मधे तारीख आणि मैल. अंदाज पेन्सिलने, दोन्ही बाजूंनी जुळलेलं शाईने. मैलांची गोष्ट लक्षात ठेवा, जुन्या मीटरला पाचच आकडे, ९९,९९९ नंतर परत शून्य, त्यामुळे ३१,००० दिसलं म्हणजे तेवढीच चालली असं नाही.

रिस्टोरेशनला हात घालायच्या आधी गाडीचे दोनशे तरी फोटो काढा, प्रत्येक नट-बोल्टची पिशवी, पिशवीवर नाव. सिल बदलताना दारं काढू नका, ती बसवलेलीच ठेवून, गाडी सपाट टेकवून, दाराच्या आतल्या बाजूने पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत आडवा लोखंडी पाइप टाकून घट्ट करा, एका वेळी एकच बाजू कापा, आणि दर टप्प्याला फट मोजा. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर बॉडी वाकते आणि ती परत सरळ होत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटऱ्या सोडवा, कार्पेट आणि पेट्रोलचं सामान दूर, आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी. पत्रे विटनीच्या ब्रिटिश मोटर हेरिटेजचे घ्या, त्यांनी १९८८ पासून एमजीबीच्या अख्ख्या बॉड्या जुन्या मूळ डायवर परत बनवायला सुरुवात केली आणि बसायला ते बरेच बरे. काम झाल्यावर सिलच्या आतल्या पोकळीत मेण मारा, हे विसरलात तर दहा वर्षांत परत तेच.

वायरिंगचं एक. १९६७ पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, आणि पुष्कळांनी त्या नंतर निगेटिव्ह केल्यात. कोणती आहे हे तपासल्याशिवाय रेडिओ, चार्जर काहीही जोडू नका, आणि बदल केलात तर बॅटरीच्या झाकणावरच मोठ्या अक्षरात लिहा.

रंग परत पांढरा करायचा का यावर मी वर्षभर विचार केला. शेवटी केला, ओल्ड इंग्लिश व्हाइट, पण डिकीतला तो नाण्याएवढा गोल तसाच ठेवला, वरून फक्त क्लिअर लॅकर. गोल्ड सील इंजिनही तेच ठेवलं, मूळ नाही हे वहीत लिहिलंय.

कापलेल्या सिलचा एक हातभर तुकडा आणि ते वर्तमानपत्र प्लॅस्टिकमध्ये घालून १९८६ च्या बिलाच्या मागे फाइलला लावलंय. आणि डाव्या दाराचं कव्हर परत बसवण्याआधी आतल्या पांढऱ्या पत्र्यावर पेंट मार्करने लिहिलं: दोन्ही सिल, कॅसल रेल, मधला पत्रा, सगळं नवीन, खाली तारीख आणि मैल, आणि फोटो वहीत पान ४१ पासून.